ट्रॅक्टरचलित स्लॅशर आणि मल्चर : झिजलेल्या व न जुळणाऱ्या सुट्या भागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षाच्या दोन ओळींमधले गवत, डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या, आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यात माजणारे रान आणि ऊस तुटून गेल्यावर शेतात राहिलेले पाचट, ही सगळी कामे आता महाराष्ट्रात ट्रॅक्टरमागच्या स्लॅशर (आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी गवत कापणारे यंत्र) आणि मल्चर (फिरत्या रोटरवरच्या हातोड्यांनी काड्या-पाचट बारीक करणारे यंत्र) यांवर होतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत कंपनी आणि मॉडेल सांगितले की सुटा भाग मिळतो. या यंत्रांच्या बाबतीत तसे होत नाही. चौकट गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये बनलेली, गिअर बॉक्स बाहेरून आणलेला, शाफ्ट तिसऱ्याच ठिकाणचा आणि पाती गाडीच्या जुन्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यातून कापलेली, असे यंत्र आपल्याकडे सर्रास आढळते. म्हणून भाग झिजला की नवा कुठे मिळेल, एवढाच प्रश्न उरत नाही. जो बसवलेला होता तो तरी बरोबर होता का, हे आधी तपासावे लागते. खालची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

यंत्र उघडण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवावी, पीटीओचा (ट्रॅक्टरमागच्या यंत्राला फिरती शक्ती देणाऱ्या दांड्याचा) लिव्हर सोडवलेला आहे याची खात्री करावी आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत यंत्राजवळ जाऊ नये, कारण पीटीओ सुटल्यावरही जड रोटर बराच वेळ स्वतःच्या गतीने फिरत राहतो. हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरू नये. पंप किंवा सील झिजलेले असेल तर यंत्र उचलणारे आर्म आपोआप खाली येतात आणि लिव्हरला चुकून धक्का लागला तर क्षणात येतात. चौकटीखाली चारही बाजूंना लाकडी ठोकळे द्यावेत आणि शक्य असेल तर शाफ्ट ट्रॅक्टरकडून सोडवून ठेवावा. शक्यतो एकट्याने हे काम करू नये.

भाग वापराने झिजला आहे की मुळातच चुकीचा बसवलेला होता, हे कसे ओळखावे?

झीज कुठे आणि कशी झाली आहे ते पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते. योग्य भाग वापराने झिजतो तेव्हा झीज साधारण सगळीकडे सारखी असते आणि हळूहळू वाढते. चुकीचा भाग एकाच बाजूने झिजतो, लवकर झिजतो आणि बदलल्यावर पुन्हा तसाच झिजतो. बुशचे (भोकात बसवलेल्या नळीसारख्या कड्याचे) भोक गोल राहून मोठे झाले असेल तर ते वापराचे लक्षण मानावे. भोक लांबट झाले असेल तर बोल्ट कमी जाडीचा होता किंवा ढिला राहिला होता, असे समजावे. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर फिरल्याच्या चकचकीत खुणा असतील तर हाऊसिंग (बेअरिंगची बैठक) मोठे झाले आहे, आणि अशा हाऊसिंगमध्ये नवे बेअरिंग घालून उपयोग नाही.

एकच भाग एका हंगामात दुसऱ्यांदा गेला, तर तिसरा विकत घेण्यापूर्वी त्याच्या जोडीचे भाग तपासावेत. बेअरिंग वारंवार जात असेल तर शाफ्ट वाकलेला असू शकतो, रोटर असंतुलित असू शकतो किंवा दोन टोकांची हाऊसिंग एका रेषेत नसू शकतात. या तिन्ही कारणांत बेअरिंगचा स्वतःचा दोष काहीच नसतो.

दुकानात जाताना नमुना न्यावा की मापे न्यावीत?

दोन्ही न्यावे, परंतु विश्वास मापांवर ठेवावा. झिजलेल्या नमुन्याचे माप हे त्या भागाचे मूळ माप नसते. ३५ मिलिमीटरचा शाफ्ट झिजून साडेचौतीस झाला असेल आणि त्यावरून बुश घडवला, तर चूक कायमची यंत्रात राहते. शाफ्टचे माप नेहमी न झिजलेल्या जागी, म्हणजे सीलच्या किंवा बेअरिंगच्या बाहेरच्या भागावर, व्हर्निअर कॅलिपरने घ्यावे. साधा व्हर्निअर प्रत्येक ट्रॅक्टरमालकाकडे असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. टेपने घेतलेल्या मापावर बेअरिंग, सील किंवा क्रॉस घेऊ नये.

बेअरिंगवर कोरलेला क्रमांक पूर्ण उतरवून घ्यावा, पुढच्या-मागच्या अक्षरांसह. ६२०८ आणि १२०८ या दोन्ही बेअरिंगचे आतले माप ४० मिलिमीटर, बाहेरचे ८० आणि रुंदी १८ असते. हाऊसिंगमध्ये दोन्ही सारखीच बसतात. मात्र १२०८ हे शाफ्ट किंचित तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारे बेअरिंग आहे आणि ६२०८ तसे नाही. लांब रोटर भाराखाली थोडा लवतो. जिथे मूळ रचनेत १२०८ आहे तिथे ६२०८ घातले, तर ते काही दिवस व्यवस्थित चालते, मग गरम होऊ लागते आणि शेवटी त्याची जाळी तुटते. बसणारा भाग आणि योग्य भाग यांतला फरक समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पीटीओ शाफ्टचा क्रॉस दुकानदाराने तसाच दिला, तरी तो योकमध्ये नीट का बसत नाही?

क्रॉस म्हणजे शाफ्टचे दोन योक (कान असलेली टोके) जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा; त्याच्या चारही टोकांवर कप असतात. त्याची दोन मापे असतात : कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधली बाहेरून बाहेरपर्यंतची लांबी. शेतीच्या शाफ्टमध्ये २२ × ५४, २३.८ × ६१.३, २७ × ७०, २७ × ७४.६ आणि ३०.२ × ८० मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात. गोंधळ होतो तो मुख्यतः २७ च्या दोन मापांत. कपाचा व्यास एकच असल्यामुळे दोन्ही कप योकच्या भोकात अगदी सहज जातात. लांबीत मात्र साडेचार मिलिमीटरहून अधिक फरक आहे.

माझ्या स्वतःच्या स्लॅशरवर ही चूक एकदा झाली होती. ७४.६ च्या जागी ७० चा क्रॉस आला, आणि ऐन पावसाळ्यात काम थांबू नये म्हणून कपांच्या मागे वायसर घालून ती उणीव भरून काढली. सरक्लिप बसली, शाफ्ट फिरला, आणि दुसऱ्या दिवशी चढावर गवत दाट लागताच एक कप बाहेर पडून योकचा कानच फाटला. क्रॉसच्या किमतीत भागणारे काम पूर्ण योक बदलण्यापर्यंत गेले. तेव्हापासून क्रॉस हातात घेतल्यावर मी आधी दोन्ही मापे घेतो.

नवा क्रॉस बसवताना कप हातोड्याने सरळ ठोकू नये. आतल्या सुयांपैकी एक जरी आडवी पडली तरी कप पूर्ण खोल जात नाही आणि मग सरक्लिप खाचेत बसत नाही. व्हाइसमध्ये धरून सावकाश दाबावा. बसवल्यावर चारही दिशांना हाताने हलवून पाहावे : हालचाल घट्ट पण अडथळ्याविना झाली पाहिजे. ग्रीसचा निपल ग्रीस गन पोहोचेल अशाच बाजूला आणावा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट चुकली की त्या क्रॉसला पुढे ग्रीस मिळतच नाही.

दुसऱ्या यंत्राचा शाफ्ट स्लॅशरला लावता येईल का?

तीन गोष्टी जुळल्या तरच लावता येईल. पहिली म्हणजे लांबी. यंत्र वर-खाली करताना शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. सर्वांत कमी अंतराच्या स्थितीत टोक टोकाला टेकता कामा नये. किमान २५ मिलिमीटर जागा शिल्लक राहिली पाहिजे. ती नसेल तर यंत्र उचलताना शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओवर आणि गिअर बॉक्सवर सरळ दाब देतो, आणि दोन्हीकडची बेअरिंगे निकामी होतात. उलट सर्वांत जास्त अंतराच्या स्थितीत नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबीइतक्या राहिल्या पाहिजेत. शाफ्ट लांब असेल तर आतली आणि बाहेरची अशा दोन्ही नळ्या सारख्याच कापाव्यात, आवरणही तेवढेच कापावे आणि कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात.

दुसरी गोष्ट नळीचा आकार. चौकोनी, त्रिकोणी आणि लिंबाच्या आकाराच्या नळ्या येतात आणि एका आकारातही जाडी वेगवेगळी असते. सैल बसणारी नळी चालवून घेऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित होते. नळ्यांच्या टोकांचे दोन्ही आतले योक एकाच पातळीत आले पाहिजेत. चौकोनी नळी चार प्रकारे घालता येते आणि त्यांपैकी दोन प्रकार चुकीचे असतात. त्रिकोणी नळी तीन प्रकारे जाते आणि त्यांत एकच बरोबर असतो. शाफ्ट तिरका चालत असताना प्रत्येक क्रॉस एका फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. योक एका पातळीत असतील आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एका क्रॉसची ही कमी-जास्ती दुसरा क्रॉस भरून काढतो. योक चुकले तर ती दुप्पट होते. धुण्यासाठी किंवा ग्रीससाठी शाफ्ट वेगळा केल्यानंतर अचानक घरघर सुरू झाली, तर आधी हेच पाहावे.

ट्रॅक्टरच्या पीटीओला ६ खाचा आहेत आणि यंत्राच्या शाफ्टला २१. अडॅप्टर लावून काम चालेल का?

या दोन टोकांचा व्यास एकच, म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटर असल्यामुळे अडॅप्टर सहज मिळतो, आणि नेमका त्यातच धोका आहे. ६ खाचांचा पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी आणि २१ खाचांचा १००० फेऱ्यांसाठी ठरवलेला आहे. खाचांची संख्या मुद्दामच वेगळी ठेवली आहे, जेणेकरून एका वेगाचे यंत्र दुसऱ्या वेगाला चुकून जोडले जाऊ नये. ५४० च्या यंत्राला १००० चा वेग मिळाला तर वेग १.८५ पट होतो, पण पात्यांना बाहेर खेचणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते जवळजवळ साडेतीनपट होते. पात्याचा बोल्ट एवढ्या ओढीसाठी घडवलेला नसतो. उलट १००० चे यंत्र ५४० वर चालवले तर मोडतोड लगेच होत नाही, परंतु पाती गवत कापण्याऐवजी झोडपतात आणि तेच काम करण्यासाठी गिअर बॉक्सवर जास्त पीळ येतो. काही ट्रॅक्टरमध्ये पीटीओचे एकाहून अधिक वेग असतात. तेथे लिव्हर कोणत्या स्थितीत आहे ते प्रत्येक वेळी पाहावे.

शिअर बोल्ट वारंवार तुटतो. जाड किंवा मजबूत बोल्ट घातला तर काय बिघडेल?

शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दगड, बुंधा किंवा खांब लागला की बोल्ट तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे त्याची ताकद सांगतात : ४.६ ची ताण सहन करण्याची ताकद ४०० मेगापास्कल, ८.८ ची ८०० आणि १०.९ ची १००० च्या आसपास असते. ४.६ च्या जागी ८.८ घातला की यंत्राचे संरक्षण निम्मे झाले. व्यास ८ वरून १० मिलिमीटर केला तरी ताकद दीडपटीहून जास्त वाढते. त्यानंतर तुटेल तो गिअर बॉक्समधल्या पिनिअनचा (लहान दातेरी चाकाचा) दात.

बोल्ट विनाकारण तुटत असेल तर त्याची भोके पाहावीत. भोक लांबट झाले की बोल्ट एकाच घावात न तुटता हळूहळू चेपत जातो आणि साध्या भारालाही तुटतो. अशा वेळी फ्लँजला (बोल्ट बसतो त्या चकतीला) योग्य मापाचे बुश बसवून घ्यावे.

ज्या शाफ्टवर शिअर बोल्टऐवजी घसरणारा क्लच आहे, त्यात पावसाळ्यानंतर निराळीच अडचण येते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या यंत्रात क्लचच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात, आणि मग तो घसरतच नाही. हंगामापूर्वी स्प्रिंगांची लांबी मोजून ठेवावी, सर्व नट सारखे सैल करावेत, चकत्यांच्या कडेवर खडूची आडवी रेघ ओढावी आणि काही सेकंद पीटीओ चालवावा. रेघ तुटली म्हणजे चकत्या सुटल्या. त्यानंतर नट मूळ लांबीवर आणावेत. नट पूर्ण आवळून टाकणे म्हणजे क्लच काढून टाकण्यासारखेच आहे.

स्लॅशरचे एकच पाते तुटले. फक्त तेवढेच बदलले तर चालेल का?

नाही. पाती जोडीनेच बदलावीत. कारण समजण्यासाठी एक हिशेब पाहा. ५४० च्या पीटीओवर १.५ पट वेग वाढवणारा गिअर बॉक्स असेल तर पाती मिनिटाला ८१० फेऱ्या घेतात, आणि कापणीची रुंदी दीड मीटर असेल तर पात्याचे टोक ताशी सुमारे २२९ किलोमीटर वेगाने जाते. अशा वेळी मध्यापासून ७० सेंटिमीटरवर दोन पात्यांच्या वजनात १०० ग्रॅमचा फरक असेल, तर तो फरक सुमारे ५० किलो वजनाइतक्या ओढीने शाफ्टला प्रत्येक फेरीत एका बाजूला खेचतो. खालचे बेअरिंग आणि सील याच ओढीने जातात. झिजलेले पाते आणि नवे पाते यांच्यात १०० ग्रॅमचा फरक अगदी सहज असतो. नवी जोडी घेतानासुद्धा दोन्ही पाती काट्यावर ठेवून पाहावीत. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा त्यासाठी पुरेसा आहे.

धार लावतानाही दोन्ही पात्यांची सारखीच झीज करावी. स्लॅशरच्या पात्याला सुरीसारखी धार नको. कडेला साधारण दीड मिलिमीटर जाडी राहू द्यावी, नाहीतर पहिल्याच खड्याला धार दुमडते. ग्राइंडरवर पाते निळे पडू देऊ नये, कारण तेवढ्या जागेचे पाणी, म्हणजे तापवून दिलेला कठीणपणा, उतरते आणि ती जागा लवकर झिजते.

तुटलेले किंवा चिरलेले पाते वेल्डिंग करून वापरता येईल का?

वापरू नये. या एका उत्तरात मी कोणतीही सवलत देणार नाही. पात्याच्या पोलादाला पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या लगतचा पट्टा ठिसूळ होतो आणि पाते पुढे तिथूनच तुटते. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने सुटलेला तुकडा चौकटीच्या कडेखालून बाहेर पडला, तर समोरच्या माणसाला बाजूला होण्याइतकाही वेळ मिळत नाही. कमानीच्या पाट्यातून गावात घडवलेल्या पात्यांविषयी म्हणायचे तर धातू चांगला असतो, पण भट्टीत पाणी किती चढले हे सांगता येत नाही. कमी चढले तर पाते वाकते. जास्त चढले तर काचेसारखे फुटते. ज्या यंत्राची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी किंवा हरियाणातील हिस्सार येथील केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेत झाली आहे, त्याच्या अहवालात पात्याचा कठीणपणाही नोंदलेला असू शकतो. यंत्र घेताना तो अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

पात्याचा बोल्ट आणि बुश केव्हा बदलावेत?

पाते हाताने धरून वर-खाली हलवावे. ते आडवे मोकळेपणाने फिरले पाहिजे, कारण दगड लागला की मागे सरकता यावे म्हणूनच ते सैल टांगलेले असते. परंतु वर-खाली खेळ जाणवला तर बुश झिजला आहे. बोल्टच्या गळ्याशी खाच पडली असेल, तर आटे चांगले असले तरी बोल्ट टाकून द्यावा. नायलॉनच्या कड्याचा नट एकदाच वापरावा. पात्याच्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कधीही घालू नये.

मल्चर थरथरतो. सुरुवात कोठून करावी?

सुरुवात हातोड्या मोजण्यापासून करावी. मल्चरच्या रोटरवर हातोड्या किंवा वाय आकाराची पाती ठरावीक क्रमाने लावलेली असतात. अर्ध्या किलोची एक हातोडी गळून पडली आणि रोटर मिनिटाला १८०० फेऱ्या घेत असेल, तर मध्यापासून २० सेंटिमीटरवरच्या त्या एका रिकाम्या जागेमुळे सुमारे ३६० किलोच्या वजनाएवढे बल सेकंदाला ३० वेळा दिशा बदलत बेअरिंगला झोडपते. ऊस पट्ट्यात पाचट कुट्टीचे यंत्र भाड्याने दिवसभर चालवले जाते. एका गळलेल्या हातोडीकडे संध्याकाळपर्यंत दुर्लक्ष झाले तर चौकटीला तडा जाऊ शकतो. जवळ नवी हातोडी नसेल, तर तात्पुरता उपाय म्हणून बरोबर समोरची हातोडीही काढून ठेवावी आणि काम आटोपते घ्यावे.

सगळ्या हातोड्या जागेवर असतील तर त्यांची वजने पाहावीत. जुन्या-नव्यांची सरमिसळ झाली असेल तर सारख्या वजनाच्या हातोड्या समोरासमोर येतील अशा लावाव्यात. त्यानंतर रोटरवर गुंडाळलेले साहित्य काढावे. आपल्या बागांत ठिबकच्या नळ्या, सुतळी आणि मांडवाची तार हे तीन शत्रू नेहमीचे आहेत. तार बेअरिंगच्या बाजूला घट्ट बसली की सील कापते आणि मग माती आत जाते. एवढे करूनही थरथर राहिली, तर रोटर काढून संतुलन करून घ्यावे लागते. रोटरला हातोडीचा नवा कान वेल्ड केला असेल तर संतुलन करावेच लागते, अंदाजावर सोडू नये. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या यंत्रकामाच्या वसाहतीत अशी लेथची कामे करणारे कारागीर भेटतात.

पट्टे नवे घातले तरी घसरतात, असे का?

दोन-तीन पट्ट्यांच्या संचातला एकच पट्टा बदलला असेल तर नवा पट्टा आखूड असल्याने सगळा भार एकटा घेतो आणि जुने नुसते फिरतात. पूर्ण संच एकाच वेळी, एकाच कंपनीचा घ्यावा. पट्ट्याचा छेदही जुळला पाहिजे : बी छेदाच्या पट्ट्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर, ए ची १३ आणि सी ची २२ असते. नवा पट्टा पुलीच्या कडेच्या बराच खाली बसत असेल आणि खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल, तर पुली झिजली आहे. पट्टा बाजूंनी पकडला पाहिजे. तळाला टेकला की कितीही ताणला तरी घसरणारच. दोन पुल्या एका रेषेत आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांच्या तोंडावरून दोरा ताणून धरावा. तो चारही ठिकाणी टेकला पाहिजे.

गिअर बॉक्समधून तेल गळते. सील बदलला तरी गळती थांबत नाही.

तीन कारणे पाहावीत. वरचे हवा जाण्याचे छिद्र मातीने बुजले असेल तर आत दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येते. हे छिद्र साफ करायला पाच मिनिटे पुरतात आणि तरीही ते शेवटी पाहिले जाते. दुसरे, शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने गोल चर पाडलेला असतो. नव्या सीलचा ओठ त्याच चरात बसला तर गळती कायम राहते, म्हणून जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवावा, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी. कमी मापाचा सील घट्ट बसेल या कल्पनेने घालू नये. त्याचा ओठ उष्णतेने जळतो. तिसरे, बेअरिंगमध्येच खेळ असेल तर शाफ्ट हलतो आणि कोणताही सील टिकत नाही. तेल ९० क्रमांकाचे गिअर ऑइल असावे. गळती आहे म्हणून त्यात ग्रीस भरण्याची सवय वाईट आहे, कारण दात ग्रीसमध्ये वाट करून घेतात आणि मग कोरडेच फिरतात.

क्राउन (मोठे दातेरी चाक) आणि पिनिअन यांची जोडी एकत्रच बदलावी. पूर्ण गिअर बॉक्स बदलायचा असेल तर गुणोत्तर, शाफ्टची मापे आणि बोल्टची भोके यांच्याबरोबर फिरण्याची दिशाही जुळवावी. क्राउन पिनिअनच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर खालच्या शाफ्टची दिशा ठरते. दिशा उलटी झाली तर पात्याची धार मागे राहते, पाठ पुढे जाते आणि गवत कापले न जाता फाटते. पाती बोथट आहेत असे समजून महिनाभर धार लावत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

यंत्राच्या पिना ट्रॅक्टरच्या आर्ममध्ये सैल बसतात. हे चालवून घ्यावे का?

जोडणीचे प्रकार वेगळे असल्याचे ते लक्षण आहे. पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) १९ ची असते. दुसऱ्या श्रेणीत त्या अनुक्रमे सुमारे २८ आणि २५ मिलिमीटरच्या असतात. लहान ट्रॅक्टरसाठीचे यंत्र मोठ्या ट्रॅक्टरला जोडताना आर्मच्या गोळ्यात तयार बुश घालावे, ते स्वस्त मिळतात. बुशशिवाय चालवल्यास यंत्र सतत डुलते, शाफ्टचा कोन बदलत राहतो आणि पिनेची झीज गोळ्यापर्यंत जाते.

बोल्ट अर्धा आत जातो आणि अडकतो.

बहुधा इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली आहे. ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंच, तसेच १६ मिलिमीटर आणि ५/८ इंच हे बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण त्यांच्या आट्यांमधले अंतर वेगळे आहे. दोन-तीन फेरे हाताने गेल्यावर घट्ट होऊ लागला तर पाना लावू नये. आट्यांचा गेज नसेल तर माहितीतला बोल्ट शेजारी धरून उजेडासमोर आटे एकमेकांत बसतात का ते पाहावे. जुन्या आणि दुरुस्त झालेल्या यंत्रांत एकाच फ्लँजवर दोन्ही पद्धतींचे बोल्ट सापडतात. तसे असेल तर संपूर्ण फ्लँज एकाच पद्धतीची करून घ्यावी.

लसूणघास किंवा गवत कापणाऱ्या कटर बारचे नियम वेगळे आहेत का?

तत्त्व तेच, मापे अधिक नाजूक. ३ इंची त्रिकोणी पाती बारच्या लोखंडी बोटांच्या आत मागे-पुढे सरकतात आणि कात्रीसारखी कापतात. म्हणून पाते नवे आणि बोटातली खालची पट्टी गोल कडेची असेल तर चारा दोन्हींमध्ये दबतो, कापला जात नाही. सरकण्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे. बारचे बाहेरचे टोक उभ्या यंत्रात थोडे पुढे ठेवतात, दर फुटाला साधारण पाव इंच, म्हणजे चालताना चाऱ्याच्या दाबाने तो सरळ होतो.

शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण फुटले आहे. ते बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि ते फुटल्यापासून यंत्र चालवू नये. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. उपरणे, ओढणी, साडीचा पदर किंवा सैल बाही पकडली गेल्यावर हात मागे घेईपर्यंत शाफ्टने ती कित्येक वेळा गुंडाळलेली असते. बागेत छाटणीच्या आणि काड्या वेचण्याच्या कामाला असलेल्या बाया ट्रॅक्टरच्या जवळपास वावरत असतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ चालकाचा नाही. आवरण घेताना नळीची लांबी आणि क्रॉसची मालिका सांगावी, आतले प्लास्टिकचे कडे वेगळे मिळते का ते विचारावे, आणि आवरणाची साखळी ट्रॅक्टरला अडकवावी, म्हणजे ते शाफ्टबरोबर फिरत नाही. साखळी तुटली असेल तर ती त्याच दिवशी लावून घ्यावी.

हंगामात कोणते सुटे भाग घरी ठेवावेत?

योग्य दर्जाचे पाच-सहा शिअर बोल्ट, वजन जुळवलेली पात्यांची एक जोडी बोल्ट-नटांसह, मल्चर असेल तर चार हातोड्या, योग्य मापाचा एक क्रॉस सरक्लिपांसह आणि खालच्या शाफ्टचा एक सील. प्रत्येक पुडीवर ऑइल पेंटने माप लिहून ठेवावे. यंत्राच्या चौकटीवर आतल्या बाजूलाही क्रॉस, बेअरिंग, सील आणि पट्टा यांची मापे रंगवून घ्यावीत. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी शेतात दुसराच माणूस असला तरी त्याला ती वाचता येतात.